मदत हवी आहे: दीड टन एसीला १६ अँपिअर सी कर्व्ह की २० अँपिअर सी कर्व्ह एमसीबी?

मंडळी, कोथरूडमधला जुना फ्लॅट, दीड टनाचा विंडो एसी, इन्व्हर्टर नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना अधूनमधून १६ अँपिअरचा बी कर्व्ह एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) ट्रिप होतो, आरसीसीबी (करंट गळाला की पडणारा स्विच) मात्र नाही. एकदा चालू झाला की क्लॅम्प मीटरवर ८ अँपिअरच्या आसपास, मग रात्रभर तक्रार नाही. कपॅसिटर बदलला, टर्मिनल आवळले, स्टॅबिलायझर काढून पाहिला; फरक शून्य.

वायरमन म्हणतो, "३२चा टाकू, विषय संपला." पण भिंतीतली वायर २.५ चौरस मिमी तांब्याची. वायर तापेल आणि एमसीबी बघत बसेल! पीओपी झालंय, नवी वायर ओढणं सध्या अशक्य.

बी कर्व्ह एमसीबी त्याच्या रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला लगेच पडतो, सी ५ ते १० पटीला. मग १६ सी पुरेल, की याच वायरवर २० सी चालेल?