निबर दिसतात, एवढंच

'मार खाल्लेली पोरं निबर होतात' हे इथे कुणीतरी मांडलेलं मत पटलं नाही. निबर दिसतात फक्त. मेंदूशास्त्रज्ञ रेजिना सलिव्हन यांचं उंदरांवरचं काम इथे कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. साधारण ९ दिवसांपर्यंतच्या पिल्लाला एखाद्या वासासोबत हलका विजेचा झटका दिला, तर ते त्या वासापासून पळत नाही, उलट त्याकडेच सरकतं. त्या वयात आई वासावरूनच ओळखायची असते; तिला सोडून जाणार कुठे? पण त्याच वयात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, वाढवलं की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीती शिकणारा भाग, वेळेआधी कामाला लागतो आणि पिल्लू भीती लवकर शिकतं.

घरचा नमुना मीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तरी जिन्यात चपला वाजल्या की हात टीव्हीचा रिमोट शोधतो, आवाज कमी करायला.