मदत हवी आहे: 2 ऑगस्ट 2027 चं सूर्यग्रहण, शाळेतल्या पोरांकडून साध्या मोबाईलवर उपयोगी नोंदी कशा घ्यायच्या? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी दक्षिण सोलापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. 2 ऑगस्ट 2027 ला सोमवारी सूर्यग्रहण आहे, स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदीकडं खग्रास, लक्सरला तर सहा मिनिटांच्या वर, आपल्याकडं दुपारनंतर खंडग्रास. आत्ताच विचारतेय कारण मला पोरांकडून हे काम नीट करून घ्यायचंय, चष्म्यातून एकदा बघितलं आणि घरी गेलो असं नकोय.

शाळेत दुर्बीण नाही, मोठा कॅमेरा नाही, पालकांचे आणि आम्हा शिक्षकांचे अँड्रॉइड फोन आहेत तेवढेच. 25 ऑक्टोबर 2022 ला मावळतीला ग्रहण लागलं होतं त्याचे गावातल्या लोकांनी काढलेले फोटो मी गोळा केले, तर सगळ्यांत नुसता पांढरा गोळा आणि भोवती झगमगाट, चंद्रानं सूर्य कुठं झाकलाय तेच कळत नाही, आणि कुठला फोटो कधीचा तेही सांगता येईना. तर यातून मोजता येईल असं काही निघतं का? फिल्टर कुठला लावायचा? आणि परदेशात जसं सामान्य लोकांचे फोटो शास्त्रज्ञ वापरतात तसं आमच्या पोरांचं काम कुठं पाठवता येईल का?

प्रतिसाद 1:
मॅडम, आधी एक हिशोब. सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश दिसतो, आणि फोनच्या मेन कॅमेऱ्यात जवळजवळ 70 अंश रुंदीचं दृश्य मावतं, त्यामुळं 12 मेगापिक्सेलच्या फोटोत सूर्य येतो जेमतेम 30 पिक्सेलचा. खरी 5एक्स टेलिफोटो लेन्स (पाचपट जवळ आणणारी) असेल तर 150 पर्यंत जातो, पण साध्या फोनात डिजिटल झूम असतो, त्यात नुसतं फुगवून दाखवतात, नवीन काही मिळत नाही. म्हणून सरळ सूर्याचा फोटो काढायच्या मागं लागूच नका, प्रतिमा भिंतीवर पाडा आणि भिंतीचा फोटो काढा.

एक छोटा आरसा घ्या, त्यावर काळा कागद चिकटवा, मधे एक सेंटीमीटरचं भोक. आरसा बाहेर उन्हात स्टुलावर पक्का बसवायचा आणि कवडसा दारातून अंधाऱ्या वर्गात समोरच्या भिंतीवर टाकायचा. अंतराला साधारण 108 नं भागलं की प्रतिमेचा व्यास येतो, म्हणजे 15 मीटरवर जवळपास 14 सेंटीमीटरचा सूर्य! भिंतीवर आलेखाचा कागद लावा, फोन ट्रायपॉडवर नाहीतर विटांवर अगदी समोर ठेवा, तिरका नको. पोरं पाठ सूर्याकडं करून काम करतात, फिल्टरचा प्रश्नच येत नाही. फक्त कवडसा दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, त्यामुळं आरशापाशी एक शिक्षक कायम पाहिजे, पोरांनी आरशात डोकवायचं नाही. नंतर फोटोवर वर्तुळ बसवून व्यासाचा किती भाग झाकलाय ते काढायचं आणि वेळेसमोर मांडायचं.

आणि डोळ्यांनी बघायला आयएसओ 12312-2 (सूर्य बघायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) वाले ग्रहण चष्मे किंवा 14 नंबरची वेल्डिंग काच, बाकी एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल सगळं बंद. दुकानात वेल्डिंगची काच मागितली की कमी नंबरची हातात देतात, नंबर बघूनच घ्या. कुणी दुर्बीण आणली तर फिल्टर पुढच्या तोंडाला लावायचा, डोळ्याकडच्या बाजूला कधीच नाही, तिथं तो उष्णतेनं तडकतो आणि डोळाही जातो.

प्रतिसाद 2:
वरचं बरोबर आहे, त्यात वेळेचं जोडतो, कारण नोंदीचा जीव वेळेत आहे. सगळ्या फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिक नेटवर्कवर ठेवा आणि सुरू करायच्या आधी प्रत्येक फोननं एकाच घड्याळाचा, सेकंद दिसतील असा फोटो काढायचा, म्हणजे कुठला फोन किती पुढंमागं आहे ते नंतर वजा करता येतं. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि आतली वेळेची माहितीही निघून जाते, तुमच्या जुन्या फोटोंचं तेच झालेलं दिसतंय.

दुसरं, एक्सपोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड आत घेतो ते, लॉक करा. फोन ऑटोवर असला की उजेड कमी झाला तरी तो स्वतःच फोटो उजळ करून घेतो, म्हणजे जे मोजायचं तेच पुसून टाकतो. एचडीआर आणि एआय वालं, म्हणजे फोटो आपोआप सुधारणारं, काही असेल ते पण बंद. आणि उजेडच मोजायचा असेल तर फायफॉक्स नावाचं फुकट अॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं बनवलेलं, त्यात अँड्रॉइडचा लाइट सेन्सर थेट लक्समध्ये (उजेड मोजायचं एकक) आकडे देतो आणि फाईल सेव्ह होते. पण त्या वेळी सूर्य पश्चिमेला उतरत असतो, ऊन तसंही कमीच होत जातं, त्यामुळं आधीच्या एखाद्या निरभ्र दिवशी त्याच जागी त्याच वेळी तीच नोंद घ्या. ती नसेल तर ग्रहणामुळं किती कमी झालं आणि सूर्य खाली गेला म्हणून किती, हे वेगळं काढताच येणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
किती सविस्तर सांगितलंत ओ, मनापासून आभार. आरशाचं तर उद्याच करून बघायलोय आम्ही. दोन काळज्या राहिल्या. एक म्हणजे आभाळ, ऑगस्ट आहे. दुसरी पालक, त्या दिवशी दिव्यांची अमावस्या पण आहे, घरात पूजा असणार आणि ग्रहण म्हटलं की पोरांना बाहेर सोडत नाहीत.

प्रतिसाद 3:
ताई, मी जुळे सोलापूरचा. 16 फेब्रुवारी 1980 ला खग्रासचा पट्टा हुबळी-रायचूरवरून गेला, आपल्याकडं थोडक्यात हुकला, आमचे वडील सांगतात की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दारं-खिडक्या बंद. तेव्हाची भीती अजून घराघरात आहे. पालकांना ग्रहणाच्या दिवशी नका बोलावू, आधीच एखाद्या शनिवारी शाळेत बोलवा आणि आरशाचा सूर्य भिंतीवर दाखवा, आजी-आजोबांना पण आणा. एकदा स्वतः बघितलं की त्याच पोरांना पाठवतात, आणि दिव्यांची पूजा संध्याकाळी आहेच.

आभाळाचं म्हणाल तर आपला भाग पर्जन्यछायेत, म्हणून तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं 2018-19 ला ढगांवरचे प्रयोग सोलापुरातून केले. तरी खात्री नाहीच, म्हणून ढग हीच नोंद समजा. नासाच्या ग्लोब ऑब्झर्व्हर अॅपवर ढगांचे फोटो वर्षभर पाठवता येतात, आणि 2024 च्या अमेरिकेतल्या ग्रहणात त्यावर ढगांबरोबर हवेचं तापमान पण घेत होते, खग्रास पट्ट्याच्या बाहेरच्या लोकांकडून सुद्धा. सामान्य लोकांचे फोटो वापरणारे अमेरिकेतले प्रकल्प, 2017 चं मेगामूव्ही आणि 2024 चं सनस्केचर, हे दोन्ही खग्रास पट्ट्यातल्यांसाठी होते, सनस्केचरमध्ये तर चंद्राच्या दऱ्यांमधून चमकणारे मणी टिपून सूर्याचा आकार मोजायचा होता, ते खंडग्रासात दिसतच नाहीत. त्यामुळं तापमान, ढग, लक्स आणि आरशाचे फोटो हे धरून चला. सावलीत थर्मामीटर टांगून दर पाच मिनिटाला वाचायला दोन पोरं बसवा.

मूळ प्रश्नकर्ती:
शनिवारची कल्पना फार आवडली, मुख्याध्यापकांशी बोलते. केगावच्या विज्ञान केंद्रात पण जाऊन विचारते. मंद्रूप, वळसंग, अक्कलकोटकडच्या शाळांनी हेच केलं तर तुलना करता येईल, त्या बाजूचे कुणी शिक्षक वाचत असतील तर इथंच लिहा. आणि आरशाच्या भोकाबद्दल अजून एक, एक सेंटीमीटर ऐवजी अर्धा केला तर कडा स्पष्ट होईल पण उजेड कमी पडेल ना, आमचा वर्ग पूर्ण अंधारा होत नाही, पत्र्याच्या फटींतून ऊन येतं. कुणी दोन्ही करून बघितलंय का?