शाळेचं अनुदान कमी आलं, तक्रार थेट दिल्लीला करावी का?

प्रश्न (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य):
जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, पट 41. संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चासाठीचं) 10,000 रुपयेच मंजूर झालं. शिक्षकही एकच. हे अनुदान ज्यातून येतं ती समग्र शिक्षा योजना केंद्राची, मग केंद्रीय शिक्षण मंत्रालयालाच लिहावं का?

उत्तर 1:
तो अर्ज फिरून राज्याकडेच येईल. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं खरं, पण शाळा चालवणं आणि शिक्षक नेमणं राज्याकडेच आहे. केंद्र धोरण आखतं, निकष घालून देतं आणि समग्र शिक्षेत महाराष्ट्राला 60 टक्के वाटा देतं. उरलेले 40 राज्याचे.

तुमची गफलत पटाच्या आकड्यात असावी. पट 30 पर्यंत असेल तर 10,000, 31 ते 100 ला 25,000 पर्यंत. हा पट हजेरीपुस्तकातला नव्हे, यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरचा. दुसऱ्या शाळेतून आलेलं मूल ड्रॉपबॉक्समधून (शाळा सोडलेल्या मुलांची पोर्टलवरची यादी) आपल्या शाळेत घेतलं नाही, तर ते वर्गात बसतं पण पोर्टलवर दिसत नाही. मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून वर्गवार यादी काढा आणि हजेरीपटाशी एकेक नाव ताडून बघा.

उत्तर 2:
शिक्षकाचा प्रश्न वेगळा हाताळा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक हवेत. आधी संचमान्यता, म्हणजे पटानुसार शाळेला मंजूर शिक्षकपदांचा आदेश बघा. त्यात दुसरं पद मंजूर असेल तर ते रिक्त आहे, ते भरून मागा. मंजूरच नसेल तर किती मुलांचं आधार वैध झालेलं नाही ते तपासा. पद बहुतेकदा तिथेच जातं.

समितीचा ठराव जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही. त्याच कायद्याच्या कलम 32 नुसार 3 महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करा.

प्रश्नकर्ता:
पट दुरुस्त केला तर यंदाचे उरलेले 15,000 मिळतील?

उत्तर 1:
आशा धरू नका. राज्याचा वार्षिक आराखडा त्या आकड्यांवर बनून केंद्राच्या प्रकल्प मान्यता मंडळासमोर जातो. मंजुरीनंतर दुरुस्त केलेला पट त्या वर्षासाठी धरत नाहीत. यंदाची नोंदणी बंद होण्याआधी नावं चढवा, म्हणजे पुढच्या वर्षी योग्य टप्पा लागेल. आलेल्या 10,000 पैकी किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात, त्याची पावती वेगळी ठेवा.