‘देव पिता’ : ज्याला बापाची माया मिळाली नाही, त्याने प्रार्थनेत काय म्हणावे?

नगरकर (धागालेखक) :
येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होते. ज्यांना घरी प्रेमळ बाप लाभला नाही त्यांना हे संबोधन जड जाते, म्हणून शिकवताना ते मागे ठेवावे, असे अलीकडे ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वारंवार ऐकू येते. यामागची कळकळ मी समजू शकतो, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यातला बाप किती वेगळा आहे याकडे लक्षच जात नाही. बाप हयात असताना धाकटा वाटणी मागतो आणि बाप ती देतो. सारे उधळून, डुकरे राखून, ‘मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखे ठेवा’ हे वाक्य मनाशी जुळवत मुलगा परततो, तेव्हा बाप त्याला लांबूनच पाहून धावत सुटतो, गळ्यात पडतो आणि मोलकऱ्याची गोष्ट त्याच्या तोंडून निघण्याआधीच चाकरांना झगा, अंगठी व जोडे आणायला सांगतो. रोमन कायद्याने कुटुंबप्रमुखाला अपत्यांच्या जीवनमरणाचा अधिकार दिलेल्या काळातला हा दृष्टांत आहे. येशू आपल्या ओळखीच्या बापांवरून देवाचे चित्र काढत नाही. देव कसा बाप आहे हे दाखवून तो आपल्या बापांनाच जाब विचारतो. मग ज्याच्या वाट्याला वाईट बाप आला त्याच्यापासून ही शिकवण लपवायची कशासाठी?

साधना, वसई :
दृष्टांताचा आपण लावलेला अर्थ सुंदर आहे, परंतु तो समजण्याइतके मोठे व्हायला वेळ लागतो. मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, जिचे वडील दारू पिऊन आईला मारतात. बाकीची मुले प्रार्थना सुरू करतात तेव्हा ती ओठ मिटून बसते आणि ‘आमची रोजची भाकर’ ही पुढची ओळ आल्यावर त्यांच्यात सामील होते. तिला मी रोमन कायदा समजावू का?

शास्त्रात दुसरी वाट आहे आणि ती आडवाट नव्हे. आई जसे सांत्वन करते तसे मी तुमचे सांत्वन करीन, असे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव स्वतः म्हणतो. येशूने स्वतःला पिले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली. पोप जॉन पॉल पहिले यांनी 10 सप्टेंबर 1978 रोजी, देव पिता आहे आणि त्याहूनही अधिक तो माता आहे, असे जाहीरपणे सांगितले. आपल्याकडे तर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून आळवले. त्या मुलीने आधी या वाटेने देवाजवळ जावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक पाळक :
दोन्ही बाजूंनी देवाला फार मवाळ केले जात आहे असे मला वाटते. त्याच प्रार्थनेत लगेच ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ येते. प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय सांगतो. धाक गेला की पितृत्वाचा अर्थच उरत नाही.

नगरकर :
पाळकसाहेब, त्याच दृष्टांतातील, धाकट्याच्या स्वागतावर रागावून घरात यायला तयार नसलेला थोरला मुलगा पाहावा. तो घर सोडून कुठेही गेलेला नाही, त्याने एकही आज्ञा मोडलेली नाही, आणि तरीही ‘इतकी वर्षे मी आपली चाकरी करत आहे’ असे तो बापाला सुनावतो. घरात राहून, धाकात राहून तो चाकरच झाला होता. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. इब्री पत्रातील शिस्त या बापाच्या हातची आहे, हे विसरून ते वचन वाचले की घराघरांतल्या मारहाणीला शास्त्राचा आधार मिळतो. हे मी आपल्याच समाजात पाहिले आहे.

साधनाताई, पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे. दुष्काळात मरणासन्न झालेल्या अनंतशास्त्रींनी आपल्या या धाकट्या लेकीला जवळ घेऊन, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, असे सांगितले. पुढे ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी लिहिले की आपल्या हिंदू वडिलांची ती प्रार्थना स्वर्गीय पित्याने ऐकली. पित्याची ही ओळख त्यांनी आपण काढलेल्या केडगावच्या मुक्ती सदनातील अनाथ मुलींपासून राखून ठेवली नाही.

साधना, वसई :
रमाबाईंचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ज्या बापाने मुलीला संस्कृत शिकू दिले, समाजाचा रोष पत्करला आणि मरताना तिला उराशी धरले, त्याच्या लेकीला देवाला पिता म्हणणे सोपे गेले असेल. दुष्काळातून केडगावला आलेल्या मुलींचे तसे नव्हते. त्यांना तिथे न्हाऊमाखू घालणारे, जेवू घालणारे आणि अक्षरे गिरवायला लावणारे हात बायकांचे होते. पित्याविषयीची शिकवण त्या हातांमागून आली.

आईबापांनी मला टाकले तरी प्रभू मला जवळ करील, हे सत्ताविसाव्या स्तोत्रातील वचन मी त्या मुलीला आधी शिकवणार आहे, कारण बाप टाकू शकतो हे त्यात स्पष्ट कबूल केलेले आहे. उधळ्या पुत्राचा दृष्टांत त्यानंतर. तोवर तिने प्रार्थना भाकरीपासून सुरू केली तरी मी तिला टोकणार नाही, आणि कोणी टोकले तर त्यांच्याशी बोलेन.