इंग्रजीत नावाच्या दोन्ही बाजूंना कॉमा कधी द्यायचे? (अपोझिटिव्हचा घोळ)

शब्दवेडी

नमस्कार मंडळी, दोन दिवस एकाच गोष्टीवर अडकलेय. मेरी क्युरीवर एक छोटा इंग्रजी लेख लिहिला होता, तो तपासून परत आला तर एका वाक्यातले माझे दोन कॉमा उडवलेले आणि दुसऱ्या वाक्यात जिथे मी दिलेच नव्हते तिथे दोन घातलेले, आणि बाजूला फक्त "अपोझिटिव्ह बघा" एवढंच. वाक्यं अशी आहेत.

मी लिहिलेलं: "द फिजिसिस्ट, मेरी क्युरी, वन द नोबेल प्राइझ ट्वाइस." यातले दोन्ही कॉमा काढले.

मी लिहिलेलं: "हर हजबंड पिएर डाइड इन 1906." इथे पिएरच्या आधी आणि नंतर कॉमा घातले.

आणि खाली एका ठिकाणी "हर डॉटर आयरीन" असं कॉमाशिवाय होतं, त्याला हात नाही लावला! म्हणजे नवऱ्याला कॉमा आणि मुलीला नाही, हे काय लॉजिक आहे? अपोझिटिव्ह म्हणजे नामाला लागून येणारं, त्याच व्यक्तीचं किंवा वस्तूचं दुसरं नाव, एवढं मला कळलंय. पण कॉमाचं गणित काही केल्या सुटत नाहीये. शाळेत तर वाचताना थांबतो तिथे कॉमा असंच शिकवलं होतं.

निळी_शाई

सोपं आहे, तो तुकडा काढून बघायचा. वाक्य चालत असेल तर कॉमा द्यायचे, अडत असेल तर नाही द्यायचे. मी तर कायम हेच करते.

अक्षरमित्र

निळी_शाई, ही टेस्ट सगळीकडे सांगतात पण ती अर्धीच आहे आणि बरेच जण तिथेच फसतात. "द फिजिसिस्ट वन द नोबेल प्राइझ ट्वाइस" हे वाक्य व्याकरणाने अगदी ठणठणीत आहे, अडत कुठेच नाही, तरीही तिथे कॉमा चुकीचे. वाक्य चालतं का हे बघायचंच नाही, बघायचं हे की तुकडा काढल्यावर वाचणारा "कोणता?" असं विचारेल का. फिजिसिस्ट जगात ढिगाने आहेत, नाव काढलं की कोणता फिजिसिस्ट हे कळतच नाही, म्हणजे नाव ओळख पटवायचं काम करतंय, मग ते कॉमाने बाजूला काढायचं नाही.

आता शब्दवेडी, तुमचा नवरा-मुलीचा प्रश्न, आणि खरं सांगतो, इतकं चांगलं उदाहरण सहज मिळत नाही. मेरी क्युरीने लग्न एकदाच केलं. "हर हजबंड" म्हटलं की माणूस ठरला, पिएर हे नाव ही वरची माहिती, म्हणून दोन कॉमा. मुली मात्र दोन, आयरीन 1897 ची आणि ईव्ह 1904 ची. नुसतं "हर डॉटर" म्हटलं तर कोणती ते कळत नाही, नाव लागतंच, म्हणून कॉमा नाहीत. आता "एल्डर" शब्द घालून बघा:

"हर एल्डर डॉटर, आयरीन, वन द नोबेल प्राइझ इन 1935."

थोरली एकच, त्यामुळे लगेच कॉमा आले! व्यक्ती तीच, नाव तेच, फक्त आधीच्या शब्दांनी ओळख पूर्ण झाली. "ओन्ली", "फर्स्ट", "यंगेस्ट" असे शब्द आले की बहुतेक वेळा असंच होतं.

याचा उलटा परिणामही लक्षात ठेवा, कॉमा स्वतःच माहिती देतात. तुम्ही "हर डॉटर, आयरीन," लिहिलंत तर क्युरीला एकच मुलगी होती असं वाचणाऱ्याला सांगितलंत, आणि ते चूक आहे. म्हणजे इथे चूक व्याकरणाची राहतच नाही, वस्तुस्थितीचीच होते. म्हणून लिहिण्याआधी खरोखर मोजावं लागतं, किती भाऊ, किती पुस्तकं, किती मुली.

शब्दवेडी

अरे वा, "एल्डर"वाल्या उदाहरणाने एकदम डोक्यात बसलं! म्हणजे "मेरी क्युरी, अ फिजिसिस्ट बॉर्न इन वॉर्सा, वन..." असं उलटं लिहिलं तर कॉमा हवेतच ना, कारण नावाने ओळख आधीच झाली? आणि आपल्याला हे इतकं जड का जातं, मराठीत कधी असा विचार करावाच लागत नाही.

अक्षरमित्र

बरोबर, नाव आधी आणि वर्णन मागून असेल तर कॉमा हवेतच. मराठीत वर्णन आपण आधीच लावतो, "दोनदा नोबेल मिळवणारी मेरी क्युरी", "तिची मुलगी आयरीन", सगळं एका दमात. मुली एक की दोन हे स्वल्पविरामाने दाखवायची पद्धतच आपल्याकडे नाही, मग कानाला सवय कुठून असणार.

प्रूफवाला

वर सगळं नीट सांगितलंय, पण मी रोज लोकांचं इंग्रजी तपासतो आणि मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक वेगळीच आहे, लोक पहिला कॉमा देतात आणि दुसरा विसरतात. वाक्याच्या मधे आलेल्या अपोझिटिव्हला कॉमा कंसासारखे असतात, उघडला की बंद करायचाच. हे बघा:

"पिएर, हर हजबंड, टॉट फिजिक्स." म्हणजे तिचा नवरा पिएर फिजिक्स शिकवायचा.

"पिएर, हर हजबंड टॉट फिजिक्स." म्हणजे आपण पिएरला हाक मारून सांगतोय की अरे पिएर, तिचा नवरा फिजिक्स शिकवायचा. एक कॉमा गेला आणि पिएर नवऱ्याचा श्रोता झाला.

दुसरी जागा म्हणजे यादी. "आय मेट मीरा, माय टीचर, अँड अ लॉयर." दोन माणसं भेटली की तीन? मीराच टीचर आहे की टीचर वेगळी? इथे कॉमा कितीही हलवा, भागत नाही, वाक्यच फिरवायचं: "आय मेट अ लॉयर अँड माय टीचर मीरा." (टीचर एकच असेल तर काटेकोर नियमाने इथेही कॉमा येईल, पण नात्याच्या शब्दाला लागून एखादं छोटं नाव असेल तर बरेच संपादक कॉमाशिवाय चालवून घेतात, आणि मला ते योग्य वाटतं.)

निळी_शाई

अक्षरमित्र, पटलं, मी इतकी वर्षं वाक्य चालतं का एवढंच बघत होते. अजून एक विचारते, तुकड्याच्या आतच कॉमा असतील तर काय करायचं? म्हणजे चार-पाच नावं असतील तर वाचताना गुंता होतो.

प्रूफवाला

तिथे डॅश वापरा. "द फोर जायंट प्लॅनेट्स — ज्युपिटर, सॅटर्न, युरेनस, अँड नेपच्यून — हॅव रिंग्ज." कॉमाच ठेवले तर यादी कुठे सुरू झाली आणि मूळ वाक्य कुठे परत आलं ते शोधत बसावं लागतं. आणि यादी वाक्याच्या शेवटी असेल तर कोलन छान दिसतो, "ओन्ली टू प्लॅनेट्स हॅव नो मून्स: मर्क्युरी अँड व्हीनस." शेवटी आलेला तुकडा पूर्णविराम देऊन तोडू मात्र नका. "शी नेम्ड पोलोनियम आफ्टर पोलंड. हर होमलँड." यातलं दुसरं वाक्य वाक्यच नाही, तिथे कॉमा हवा.

शब्दवेडी

हे शेवटचं तर मी त्याच लेखात दोनदा केलंय, आत्ताच बदलते. आणि एक वाक्य कोणीतरी बघाल का? सुरुवातीलाच अपोझिटिव्ह घातलाय: "अ फिजिसिस्ट अँड अ केमिस्ट, क्युरीज नोटबुक्स आर स्टिल रेडिओऍक्टिव्ह." यावर काही खूण नव्हती पण मलाच खटकतंय.

अक्षरमित्र

खटकतंय ते बरोबरच आहे. कॉमा ठीक आहे, पण कॉमानंतर लगेच जे नाम येतं त्याचंच ते वर्णन ठरतं, आणि इथे येतात नोटबुक्स. म्हणजे फिजिसिस्ट आणि केमिस्ट वह्या झाल्या, क्युरी नाही. तिचं नाव वाक्याचा कर्ता म्हणून आणा:

"अ फिजिसिस्ट अँड अ केमिस्ट, क्युरी लेफ्ट बिहाइंड नोटबुक्स दॅट आर स्टिल रेडिओऍक्टिव्ह."

शब्दवेडी

हो, आता वाचताना अडखळायला होत नाही. मनापासून आभार सगळ्यांचे. पूर्ण लेखात अशा सतरा जागा निघाल्यात, प्रत्येक ठिकाणी "कोणता?" विचारत बसलेय. बारा झाल्या.