'स्केर' आणि 'बोअ' : समुद्रातल्या खडकांची गेलिक नावं

प्रश्न : स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गेलिक नावांवर मराठीत लिहितोय. समुद्रातल्या खडकांना तिथे 'स्केर' आणि 'बोअ' असे दोन शब्द आहेत. दोन्हींना 'खडक' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नको. होडीवाल्यासाठी या दोहोंत फार मोठं अंतर आहे. स्केर म्हणजे पाण्याबाहेर दिसणारा, फार तर भरतीला झाकला जाणारा खडक. 'स्केर नन रोन', म्हणजे सीलांचा खडक, हे नाव त्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी सापडतं. बोअ मात्र पाण्याखालीच असतो. वर लाट फुटते, तेवढ्यावरून तो ओळखायचा.

दोन्ही शब्द नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, दर्यावर्दींनी आणलेले. बोअचं मूळ 'बोदी', म्हणजे वर्दी देणारा. फुटणारी लाट खालच्या खडकाची वर्दी देते! या शब्दामागचा धातू आणि आपला 'बुध्' एकाच मुळाचे, म्हणजे बोअ आणि बोध हे नातलगच. मला हे कळलं तेव्हा कितीतरी वेळ ते डोक्यातून जाईना.

समुद्रातल्या प्रवाहाला शब्द आहे 'स्रु'. तो आपल्या 'स्रोत'चा चुलतभाऊ. गंमत म्हणजे बहुतेक गेलिक बोलींत त्याचा उच्चार 'स्त्रु' होतो. मराठीत 'स्रोत'चं 'स्त्रोत' करणारा तो आगंतुक 'त' तिकडेही जिभेवर येऊन बसलाय. ल्यूइस आणि शियांट बेटांच्या मधल्या पाण्याला 'निळ्या माणसांचा स्रु' म्हणतात. हे निळे लोक तांडेलाला कवितेची ओळ घालतात, जोडओळ सुचली नाही तर होडी बुडवतात, अशी तिथली कथा आहे.

सामुद्रधुनी म्हणजे 'कूलस', शब्दशः चिंचोळी जागा. बालाखूलिश या गावाच्या नावात तोच आहे, फक्त 'क'चा घशातला 'ख' झालाय. आपलं सामान्यरूप शब्दाच्या शेवटी होतं, गेलिकमध्ये शब्दाचं तोंडही बदलतं. म्हणून नाव सुटं न घेता बोलणाऱ्याच्या तोंडून अख्खं ऐकून नोंदवायला हवं. अर्थही तिथेच विचारायचा, कारण बोअ ज्या अक्षरांनी लिहितात त्याच अक्षरांचा दुसरा अर्थ धनुष्य. नुसता नकाशा वाचणाऱ्याला तिथे धनुष्यासारखा वाकलेला खडक दिसेल, आणि होडीला असलेला धोका नावातून गळून जाईल.

पुरवणी प्रश्न : स्केरला आपलं कोकणातलं 'खडप' कसं वाटतं? सुकतीला कालवं काढायला जातात, ते.

उत्तर : छान बसेल, उघडं पडणं त्यात आहेच. फक्त खडप किनाऱ्याला लागूनही असतं, स्केर बहुधा सुटा असतो, तेव्हा 'समुद्रातलं खडप' म्हणा. बोअ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'लाट फोडणारा बुडीत खडक' एवढा खुलासा करा.