लसावि लेझमीवर घेताना

तीन आणि चारचा लसावि (दोन्ही संख्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) लेझमीवर घेतला, म्हणजे एक गट दर तिसऱ्या आणि दुसरा दर चौथ्या ठोक्याला लेझीम वाजवतो, पण दोन्ही गट बाराऐवजी तेरावर जुळतात, असं एका शिक्षकाने विचारलंय. चूक मुलांची नाही. आपल्या सांगलीकडच्या हलगीत पहिला ठोका जोरकस, म्हणून दोन्ही गट 'एक'लाच लेझीम वाजवतात. मग 1 वर जुळले की पुढची गाठ थेट 13 वर.

तीनच्या गटाने 1, 2 ला नुसतं पाऊल टाकायचं, लेझीम 3 ला. चारच्या गटाने 4 ला. हलगीवाल्याला सगळे ठोके सारखे वाजवायला सांगा (हे त्याला सगळ्यात अवघड जातं!). मिनिटाला साठच्या वर लय नको. वाढली की मोजणी सुटते आणि उरतो फक्त नाच. आधी दोन फेऱ्या हलगीशिवाय, तोंडाने मोजत घ्या.

हे बसलं की 4 आणि 6 घ्या. गुणाकार करणारी मुलं 24 ची वाट बघतात आणि लेझमी 12 लाच एकत्र वाजतात. खरा लसावि तिथे कळतो, 3 आणि 4 मध्ये नाही.

रिंगण आखायचं तर बारा मुलांत दीड-दीड मीटर अंतर, म्हणजे परीघ 18 मीटर. खुंटीला 2 मीटर 86 सेंटिमीटर दोरी बांधून फक्कीने फिरवा. प्रत्येकाच्या वाट्याला 30 अंश. दोघांमधलं अंतर टेपने सरळ मोजलं तर 1.48 मीटरच भरेल. ती जीवा आहे, कंस नव्हे. आठवीच्या पोरांना हे पकडू द्या.